सालाझारचे राज्य आणि गोव्याचे कॅथलिक

भारत १९४७ साली स्वतंत्र झाला हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण त्यानंतर तीन वर्षे मुंबईचा कॅथलिक आर्चबिशप कोण असावा यात लिस्बनच्या सरकारचा शब्द चालत होता, हे किती मुंबईकरांना माहीत असेल? १९२८ साली पोप आणि पोर्तुगाल सरकार यांच्यात करार झाला. त्यानुसार मुंबईच्या गादीवर आळीपाळीने एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश आर्चबिशप बसायचा होता. या मातीत जन्मलेला माणूस त्या पाळीत कुठे बसतच नव्हता. आमच्या दिंडोशीच्या आसपास, मालाड, गोरेगाव, मरोळ या पट्ट्यात ईस्ट इंडियन कॅथलिकांची जुनी गावठाणे आहेत. गल्लीच्या तोंडाशी क्रूस, घरात बोली मराठीची. या मराठी बोलणाऱ्या माणसांचा धर्मगुरू कोण, हे ठरवण्यात समुद्रापलीकडच्या सरकारचा हिस्सा होता, आणि १९३२ पासून त्या सरकारचा कारभार एका हुकूमशहाच्या हाती होता. त्याचे नाव अंतोनियो द ऑलिव्हैरा सालाझार.

सालाझारचे नाव आपल्याकडे गोवामुक्तीच्या धड्यात येते आणि तिथेच संपते. तो आला कुठून, त्याला कोणी घडवले, हे धडा सांगत नाही. मी स्वतः इतिहास शिकवतो, म्हणून ही उणीव मला जास्त बोचते. मुलांच्या मनात चित्र असे उभे राहते की पोर्तुगीज म्हणजे ख्रिस्ती, ख्रिस्ती म्हणजे सालाझारचे लोक, आणि त्यांच्याशी लढले ते इतर सगळे. हे चित्र चुकीचे आहे. ते का चुकीचे आहे हे समजून घ्यायचे तर आधी पोर्तुगालला जावे लागेल.

पोर्तुगालमध्ये १९१० साली राजेशाही उलथली आणि प्रजासत्ताक आले. हे प्रजासत्ताक चर्चचे कट्टर विरोधक होते. जेझुइट पाद्र्यांना हाकलले, मठ बंद केले, आणि १९११ च्या कायद्याने धर्म व राज्य वेगळे करताना चर्चची मालमत्ताही सरकारजमा केली. देश खेड्यापाड्यांत श्रद्धाळू आणि सरकार राजधानीतल्या शिकलेल्या मंडळींचे, असा प्रकार होता. वक्फच्या जमिनी एका फटक्यात सरकारी झाल्या तर सामान्य नमाज्याच्या मनाला काय वाटेल, त्याची कल्पना आपण करू शकतो. पोर्तुगालच्या कॅथलिकांची जखम खरी होती, हे आधी मान्य केले पाहिजे. त्या जखमेतूनच त्यांच्या संघटना उभ्या राहिल्या.

त्यातली एक कुइंब्रा या विद्यापीठाच्या गावी होती. तिचे नाव ख्रिस्ती लोकशाहीचे विद्यापीठ केंद्र. १९०१ साली ती स्थापन झाली, आणि प्रजासत्ताकाच्या पहिल्या दणक्यात बंद पडून १९१२ मध्ये पुन्हा उभी राहिली. नावात ‘लोकशाही’ हा शब्द आहे, तो वाचकांनी लक्षात ठेवावा. तिथे कॅथलिक विद्यार्थी जमत, वाचत, वाद घालत, व्याख्याने देत, वर्तमानपत्र काढत. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली कामगारांच्या प्रश्नावर जे पत्रक काढले होते त्याचा अभ्यास होई. या मंडळात दोन तरुण जिवलग मित्र होते. एक मान्युएल सेरेजैरा, पुढे पाद्री झालेला आणि मंडळाच्या वर्तमानपत्राचा संपादक. दुसरा सालाझार. तो एका खेड्यातल्या साध्या घरचा, विझेऊच्या सेमिनरीत आठ वर्षे शिकलेला, पण दीक्षा न घेता अर्थशास्त्राकडे वळलेला. दोघे कुइंब्रात कित्येक वर्षे एकाच घरात राहिले.

कॅथलिकांनी निवडणुकीच्या राजकारणासाठी १९१७ साली कॅथलिक केंद्र नावाचा पक्ष काढला. सालाझार या पक्षातर्फे १९२१ मध्ये संसदेत निवडून आला, एक दिवस जाऊन बसला आणि परत आला तो पुन्हा गेलाच नाही. लोकशाहीविषयीचे त्याचे मत त्या एका दिवसात तयार झाले असे नव्हे, पण गोष्ट बोलकी आहे.

२८ मे १९२६ रोजी लष्कराने सत्ता घेतली. सेनापतींना राज्य घेता आले, हिशेब जमेना. १९२८ साली त्यांनी कुइंब्राच्या या प्राध्यापकाला अर्थमंत्री केले. त्याने खर्चावर पूर्ण ताबा मागितला, तो मिळवला आणि अंदाजपत्रक जुळवून दाखवले. १९३२ मध्ये तो पंतप्रधान झाला. पुढच्या वर्षी नवी राज्यघटना आली, तिच्यावर जनमत घेतले गेले, आणि जे मत द्यायला आलेच नाहीत त्यांची मतेही बाजूने धरली गेली! या व्यवस्थेला ‘नवे राज्य’ म्हणत. पक्ष एकच, संप बेकायदा, छापील अक्षरावर सेन्सॉर आणि वर गुप्त पोलीस. मालक आणि मजूर यांनी भांडू नये, एकाच कुटुंबासारखे राहावे, ही कॅथलिक विचारातली गोष्ट या राज्याने उचलली आणि तिचा अर्थ मजुराने गप्प बसावे असा लावला.

आता त्या संघटनेचे काय झाले ते पाहा. मला या सगळ्या इतिहासातला हाच भाग सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. सेरेजैरा १९२९ साली लिस्बनचे कार्डिनल झाले आणि १९७१ पर्यंत त्या गादीवर राहिले. मंडळातली कितीतरी माणसे प्राध्यापक, मंत्री, खासदार झाली. म्हणजे जाळे सत्तेत पोहोचले. पण ज्या कॅथलिक केंद्राच्या तिकिटावर सालाझार संसदेत गेला होता, त्याच पक्षाला त्याने सांगितले की आता तुमचे काम संपले, तुम्ही समाजकार्य करा, राजकारण आम्ही पाहू. पक्ष विझला. १९३३ साली बिशपांच्या देखरेखीखाली कॅथलिक कार्य नावाची मोठी संघटना उभी राहिली, तिने राजकारणाला हात लावायचा नाही असे ठरले. हुकूमशहाला चर्चची मिरवणूक हवी होती, चर्चचे मत नको होते. आणि चर्चने बहुतांशी हा सौदा मान्य केला, कारण १९१० ची भीती अजून ताजी होती.

सौद्याचा पक्का कागद झाला ७ मे १९४० रोजी. पोप पायस बारावे आणि पोर्तुगाल यांच्यातला हा करार, आणि त्याच दिवशी वसाहतींतल्या मिशन कामाचा वेगळा करार. चर्चला शाळा, करमाफी आणि शाळांतून धर्मशिक्षण मिळाले. कॅथलिक विवाहाला घटस्फोटाची बंदी झाली. जप्त झालेली सगळी मालमत्ता मात्र परत मिळाली नाही. सालाझार हिशेबाला पक्का होता. वसाहतींत सरकार मिशनना पैसा देणार, बिशपांना पगार देणार, आणि त्या बदल्यात बिशप पोर्तुगीजच असणार. बिशपाच्या नावावर राजकीय हरकत घेण्याचा अधिकारही सरकारला मिळाला. देवाच्या घरातला माणूस सरकारी पगारपत्रकावर चढला की तो सरकारविरुद्ध काय बोलणार?

गोव्याचा प्रश्न इथे येतो. पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील धर्माधिकाराला पाद्रोआदो म्हणत. पूर्वेकडच्या चर्चचे आश्रयदाते पोर्तुगालचे राजे, अशी ही पोपने दिलेली शतकांची सनद होती. राजा गेला, प्रजासत्ताक आले, तरी सनद राहिली. सालाझार अजून पंतप्रधानही झाला नव्हता तेव्हा, १९३० साली, त्याने वसाहत कायदा तयार करवला. वसाहती बाळगणे आणि तिथल्या लोकांना सुसंस्कृत करणे हा पोर्तुगीज राष्ट्राचा अंगभूत धर्म आहे असे त्यात लिहिले होते, आणि त्याच कलमात पाद्रोआदोच्या नैतिक प्रभावाचाही उल्लेख होता. म्हणजे गोव्यावरची हुकूमत आणि गोव्याचे चर्च हे एकाच वाक्यात बांधले गेले. नव्या गव्हर्नरने अधिकाराची काठी जुन्या गोव्यात सेंट झेवियरच्या समाधीपाशी स्वीकारायची, असा रिवाज जुनाच होता. कायद्याने आता त्या रिवाजाला आधुनिक भाषा दिली.

हे सगळे गोव्याच्या कॅथलिकांना विचारून झाले होते काय? मुळीच नाही. आणि पहिला विरोध आला तो कॅथलिक घराण्यातूनच. चांदरचे लुईस द मिनेझिस ब्रागांझा हे जन्माने कॅथलिक, विचाराने मुक्त, पोर्तुगीज भाषेचे नामांकित पत्रकार. वसाहत कायद्याची बातमी येताच त्यांनी १९३० सालीच गोव्याच्या सरकारी परिषदेत ठराव मांडला आणि आपले भवितव्य आपण ठरवण्याचा हक्क या भूमीला आहे असे सांगितले. त्यांचे ‘प्रकाश’ हे पत्र पुढे बंद पडले. १९३८ मध्ये ते वारले.

दुसरे नाव त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातले टी. बी. कुन्हा. जन्म १८९१, तोही चांदरचाच. पाँडिचेरीत आणि पॅरिसमध्ये शिकले, इंजिनिअर झाले. पॅरिसमध्ये असताना त्यांनी गांधीजींविषयी फ्रेंचमध्ये लिहिले. १९२८ साली त्यांनी गोवा काँग्रेस समिती स्थापन केली. १९४४ मध्ये त्यांनी एक पुस्तिका लिहिली. गोवेकर माणसाला, विशेषतः कॅथलिकाला, त्याच्या देशापासून कसे तोडले गेले, हा तिचा विषय. पोर्तुगीज शाळेने त्याला स्वतःची कोकणी भाषा नोकरांची भाषा म्हणून तुच्छ मानायला शिकवले, नावे बदलली, पोशाख बदलला, आणि पोट भरायला मात्र मुंबईला पाठवले. उर्दू माध्यमाच्या वर्गात उभ्या राहणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला या पुस्तिकेचा विषय परका वाटत नाही. मादरी जबान हिरावली की माणसाचे काय होते, हे कुन्हांनी राजकारणाच्या भाषेत मांडले.

या काळात गोव्यात सभा भरवायला परवानगी लागे. लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या नजरेखालून जात असे. १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहियांनी ही बंदी मोडली, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. लोहियांना गोव्यात नेणारे ज्युलियांव मिनेझिस मात्र विस्मरणात गेले. असोळण्याचे हे कॅथलिक डॉक्टर बर्लिनमध्ये लोहियांबरोबर शिकले होते आणि मुंबईत राहून काम करत होते. लोहिया त्यांच्याच घरी विश्रांतीला गेले होते. त्या सभेनंतर महिन्याभरात कुन्हांना अटक झाली. अग्वादच्या किल्ल्यातल्या अंधाऱ्या कोठडीत ठेवून, लष्करी न्यायालयापुढे उभे करून त्यांना आठ वर्षांची सजा झाली आणि पोर्तुगालच्या पेनिशे किल्ल्यात पाठवले गेले. १९५३ मध्ये ते पोर्तुगालमधून निसटले, पॅरिसमार्गे मुंबईला पोहोचले, इथून पत्र चालवले आणि १९५८ साली मुंबईतच निवर्तले. ज्या सरकारचा मुखिया रोज प्रार्थना करणारा कॅथलिक होता, त्याच्या तुरुंगातून कॅथलिक आईच्या पोटी जन्मलेला हा माणूस सुटून आला आणि आपल्या शहराच्या मातीत मिसळला.

मग गोव्याचे चर्च काय करत होते? गावोगावचे बहुतेक पाद्री गोवेकरच होते. पण सर्वांच्या वर बसलेला आर्चबिशप, ज्याला पूर्वेचा पॅट्रिआर्क असा मोठा किताब होता, तो पोर्तुगालहून येई. सालाझार जगाला सांगत असे की गोवा म्हणजे पूर्वेत पेटलेला पश्चिमेचा आणि ख्रिस्ती धर्माचा दिवा. वास्तविक गोव्यात बहुसंख्या हिंदूंची होती. १९६० मध्ये ख्रिस्ती चाळीस टक्क्यांहून कमी होते. मुसलमान तर मूठभर. पण दिव्याची गोष्ट युरोपात खपत होती. पॅट्रिआर्कांनी तिला जाहीर विरोध केला नाही. मौन हाही एक कौल असतो, आणि १९४० च्या करारानंतर त्या मौनाची किंमत आधीच चुकती झाली होती.

या मौनाचा भार मुंबईतल्या कॅथलिकांवर पडला. धोबीतलाव, गिरगाव, माझगाव या भागांत गोवेकरांच्या कुडी होत्या. खलाशी, स्वयंपाकी, वाजंत्री, कारकून अशी गावागावची माणसे एकेका कुडीत राहत आणि संध्याकाळी एकत्र रोझरी म्हणत. गोव्याचा प्रश्न तापू लागला तसा या माणसांना विचारले जाऊ लागले की तुम्ही कुणाचे, दिल्लीचे की लिस्बनचे? आपल्या वाचकांना या प्रश्नाची चव सांगायला नको. गंमत अशी की हा प्रश्न विचारणारा देशभक्त आणि गोवा ख्रिस्ती धर्माचा दिवा म्हणणारा सालाझार, दोघेही एकच गोष्ट गृहीत धरत होते: कॅथलिक म्हटला की तो पोर्तुगालचा.

मुंबईच्या चर्चने मात्र याला आपल्या परीने उत्तर दिले, आणि ते मला फार मोलाचे वाटते. १९२८ नंतरचे पहिले आर्चबिशप जोआकिम लिमा पोर्तुगीज होते. त्यांच्यानंतर १९३७ साली इंग्लंडहून थॉमस रॉबर्ट्स आले. नियमाप्रमाणे यांच्यानंतर पुन्हा पोर्तुगीज यायचा. रॉबर्ट्स यांना हे साफ दिसत होते की स्वतंत्र होऊ घातलेल्या देशात असा आर्चबिशप म्हणजे आपल्याच माणसांच्या गळ्यात दगड बांधणे. १९४६ साली त्यांनी व्हॅलेरियन ग्रेशस या गोवेकर वंशाच्या, कराचीत जन्मलेल्या पाद्र्याला साहाय्यक बिशप करवून घेतले, कारभार त्यांच्यावर सोपवला आणि स्वतः मुंबईबाहेर राहू लागले. राजीनामा देऊन गादी रिकामी केली असती तर पोर्तुगीजांची पाळी आली असती. म्हणून गादी सोडायची नाही आणि तिच्यावर बसायचेही नाही, असा हा चार वर्षांचा खेळ चालला. अखेर १८ जुलै १९५० रोजी पोर्तुगालने आपला हक्क सोडला. रॉबर्ट्स मोकळे झाले, ग्रेशस आर्चबिशप झाले आणि १९५३ मध्ये भारताचे पहिले कार्डिनल. एका इंग्रज पाद्र्याने आपली खुर्ची आपणहून हिंदुस्थानी माणसाला दिली, ही गोष्ट आमच्या कोणत्याही पुस्तकात नाही.

गोवा मुक्तीच्या चळवळीतही मुंबईचे कॅथलिक पुढे होते. नॅशनल काँग्रेस गोवाचे अध्यक्ष पीटर अल्वारिस. मुंबईत वाढलेल्या लिबिया लोबो यांनी वामन सरदेसाई यांच्याबरोबर १९५५ पासून जंगलात दडून ‘गोवा मुक्तीचा आवाज’ हे गुप्त रेडिओ केंद्र सहा वर्षे चालवले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या आणि वीसहून अधिक माणसे मारली. त्याआधी महिनाभरच नेहरू रोमला पोपना भेटले होते. गोव्याचा प्रश्न राजकीय आहे, धार्मिक नाही, हे पोपनाही मान्य आहे असे नेहरूंनी बाहेर येऊन सांगितले. सालाझारच्या दिव्यातले अर्धे तेल त्या दिवशी संपले असावे.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. शेवटच्या माणसापर्यंत लढा, शरणागती नको, असा सालाझारचा हुकूम होता. गव्हर्नर-जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांनी तो मोडला, शरण आले, हजारो जीव वाचवले. बक्षीस म्हणून त्यांना लष्करातून काढून टाकण्यात आले.

इकडे पोर्तुगालमध्येही ते जाळे आतून उसवू लागले होते. कामगारांत काम करणारे पाद्री आबेल व्हार्झिम एके काळी सालाझारच्या संसदेत बसले होते. मजुरांची हालत पाहून ते बोलू लागले, आणि त्यांचे पत्र १९४८ साली बंद झाले. १९५८ मध्ये पोर्तूचे बिशप अंतोनियो फेरेरा गोमिस यांनी सालाझारला पत्र लिहून गरिबी, संपाचा हक्क, नागरिकांचे स्वातंत्र्य यांविषयी जाब विचारला. १९५९ ते १९६९ अशी दहा वर्षे या बिशपला स्वतःच्या कॅथलिक देशात पाऊल ठेवता आले नाही. लक्षात घ्या, त्यांच्या समर्थनार्थ लिस्बनच्या कार्डिनलांनी, सालाझारच्या त्या जुन्या मित्राने, सरकारशी संबंध तोडले नाहीत.

डिसेंबर १९६४ मध्ये पोप पॉल सहावे मुंबईला आले. गोवा घेणाऱ्या देशात पोप जातात हा पोर्तुगालचा अपमान आहे, असे लिस्बन सरकारने जाहीरपणे म्हटले. जो स्वतःला धर्माचा रक्षक म्हणवत होता तो आता धर्मप्रमुखावरच रुसला होता. १ जुलै १९७० रोजी याच पोपनी अंगोला, मोझांबिक आणि गिनीच्या मुक्तिसंग्रामाच्या तीन नेत्यांना भेट दिली, तेव्हा पोर्तुगालने आपला राजदूत परत बोलावला. पुढच्या वर्षी मोझांबिकमधल्या ‘व्हाइट फादर्स’ या मिशनच्या पाद्र्यांनी चर्च आणि सरकार यांच्या साटेलोट्याचा निषेध म्हणून तो मुलूखच सोडला. तोवर सालाझार मरण पावला होता. तो २७ जुलै १९७० रोजी गेला. त्याचे राज्य २५ एप्रिल १९७४ ला, लष्करातल्याच तरुण अधिकाऱ्यांच्या हातून संपले.

गोव्याच्या चर्चला मात्र करारातून सुटायला आणखी वेळ लागला. शेवटचे पोर्तुगीज पॅट्रिआर्क जुझे व्हिएरा अल्व्हेर्नाझ १९६२ मध्येच गोव्याहून निघून गेले होते, पण पद त्यांच्याच नावावर राहिले. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मानले नव्हते, म्हणून रोमही नवा आर्चबिशप नेमेना. गोवेकर बिशप फ्रान्सिस्को रिबेलो प्रभारी म्हणून काम पाहत राहिले. ३१ डिसेंबर १९७४ रोजी पोर्तुगालने तहावर सही केली, १९७५ मध्ये अल्व्हेर्नाझ यांचा राजीनामा झाला, आणि १९७८ साली राऊल गोन्साल्विस हे गोव्याचे सुपुत्र गोव्याचे आर्चबिशप झाले. गोवा स्वतंत्र होऊन तेव्हा सोळा वर्षे झाली होती.